साल नको, पानं द्या

कर्करोगाच्या डे-केअर वॉर्डात बसणाऱ्या नातेवाइकांना औषधांची नावं पहिल्या दोन फेऱ्यांतच तोंडपाठ होतात. त्यात पॅक्लिटॅक्सेल हमखास असतं. स्तनाचा, बीजकोशाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग असेल तर हे नाव बऱ्याचदा फाइलवर दिसतं. आधी स्टेरॉइड, मग अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, मग पित्ताचं. हे सगळं झालं की काचेच्या बाटलीतून तीन तास थेंब थेंब. कुणी चौकशी केलीच तर उत्तर मिळतं, ‘झाडाच्या सालीतून निघालंय हे.’

उत्तर खरं आहे. पण जरा हिशेब मांडून पाहा. मध्यम बांध्याच्या बाईला एका फेरीला पावणेतीनशे ते तीनशे मिलिग्रॅम औषध लागतं. ज्या झाडात ते पहिल्यांदा सापडलं, त्याच्या सालीत त्याचं प्रमाण साधारण दहा हजारांत एक भाग. म्हणजे एका फेरीला तीन किलो साल. तेवढी साल मिळायला सुमारे शंभर वर्षांचं एक झाड सोलावं लागतं, आणि बुंधा पुरता सोलला की झाड मरतं. सहा फेऱ्यांची सहा झाडं झाली. हे औषध घेणारे रुग्ण जगात दर वर्षी लाखांनी मोजावे लागतात. या दराने ही झाडं केव्हाच संपायला हवी होती. प्रत्यक्षात औषध जिल्ह्याच्या गावी मिळतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे, आणि झाडंही उभी आहेत. मधे कुठेतरी गणित बदललं.

नंदुरबारचे वाणी आणि बारा किलो साल

झाडाचं नाव यू. सूचिपर्णी असलं तरी याला चीड-देवदारासारखे शंकू धरत नाहीत. लालचुटूक, मांसल वाटीत एकेक बी बसलेली असते. ती वाटी सोडली तर पान, बी, साल सगळंच विषारी. युरोपात यूचा पाला खाऊन गुरं दगावल्याच्या कथा जुन्या आहेत. अगाथा ख्रिस्तीने ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ या कादंबरीत याच झाडाच्या विषाने एका श्रीमंत गृहस्थाला मारलं आहे. ते विष म्हणजे टॅक्सीन. ते हृदय बंद पाडतं. आपल्या औषधाचा रेणू त्याहून वेगळा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० मध्ये कृषी खात्याला हाताशी धरून एक अजस्र काम काढलं होतं : दिसेल ती वनस्पती गोळा करायची आणि तिचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर टाकून बघायचा. वीस वर्षांत सुमारे ३५ हजार वनस्पतींचे नमुने तपासले गेले. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले हे वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचॉट जंगलात फिरत होते. तिथे पॅसिफिक यूची साल, डहाळ्या, पानं त्यांनी पिशव्यांत भरली. लाकूडतोड्यांच्या लेखी हे झाड म्हणजे कचरा होता. डग्लस फरच्या उंच झाडांच्या सावलीत खुरटत वाढणारं, वेडंवाकडं. जंगल तोडलं की यूचे ढीग करून जाळून टाकायचे.

सालीचा अर्क उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे गेला. त्यांचे सहकारी मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेटला गेले आणि १९६२ मध्येच, म्हणजे बार्कले साल गोळा करत होते त्याच वर्षी, वॉल यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

काम चिकाटीचं होतं. सालीच्या अर्कात शेकडो द्रव्यं असतात. अर्काचे दोन भाग करायचे, दोन्ही तपासायचे, ज्यात गुण दिसेल तो ठेवायचा, दुसरा फेकायचा. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत बारा किलो सालीतून हाती आलं ते अर्धा ग्रॅम पांढरं द्रव्य. चिमूटभर. वॉल यांनी त्याला टॅक्सॉल म्हटलं. पुढे एका कंपनीने ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवल्यावर औषधाला पॅक्लिटॅक्सेल हे नाव मिळालं. रेणूची रचना उलगडून प्रसिद्ध व्हायला १९७१ उजाडलं. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन मिळून ११३ अणू, एकमेकांत अडकलेली कडी, आणि बाजूला लोंबणारं एक शेपूट. हे शेपूट लक्षात ठेवा. पुढे सगळी कलाटणी त्याच्याशीच आहे.

न सुटणाऱ्या गाठी

रचना कळली, पण पुढची काही वर्षं या द्रव्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. मिळतं थोडं, पाण्यात विरघळत नाही, आणि काम कसं करतं याचा पत्ता नाही. तो पत्ता १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या सुझन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला.

पेशी दुभंगायच्या आधी आतल्या गुणसूत्रांच्या नकला होतात आणि त्यांची वाटणी दोन बाजूंना करावी लागते. त्यासाठी पेशी सूक्ष्मनलिका उभ्या करते. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे सुटे तुकडे एकाला एक जोडून बनलेल्या या पोकळ नळ्या. इमारतीला बांधायची परांची डोळ्यांपुढे आणा. बांबू सुतळीने बांधायचे, काम झालं की गाठी सोडायच्या आणि तेच बांबू दुसऱ्या भिंतीला लावायचे. पेशीचं काम चालतं ते या बांधा-सोडीवर. सूक्ष्मनलिका एका टोकाने वाढतात, मोडतात, पुन्हा वाढतात. त्या ओढाताणीत गुणसूत्रं रांगेत येतात आणि अलग होतात.

कर्करोगावरची जी औषधं त्या काळी माहीत होती, त्यातली काही ही परांची बांधूच देत नसत. आपल्या अंगणातली सदाफुली त्यातलीच : तिच्यापासून निघालेली विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही औषधं ट्युब्युलिनच्या तुकड्यांची जोडणी होऊ देत नाहीत. टॅक्सॉल नेमकं उलट करतं, हे हॉरविट्झ यांना दिसलं. ते गाठी अशा आवळतं की सुटतच नाहीत. परांची जागच्या जागी ताठ उभी राहते आणि काम ठप्प होतं. पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकते आणि बहुतेकदा मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असल्याने त्या जास्त सापडतात.

केस का जातात, हेही यातच आलं. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर दुभंगतात. हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात त्याचं कारण थोडं निराळं आहे. मज्जापेशी दुभंगत नाहीत, पण त्यांचे तंतू पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत लांब असतात आणि त्यांतली मालवाहतूक सूक्ष्मनलिकांवरूनच चालते. म्हणून बहुधा सगळ्यात लांबचं टोक आधी कुरकुरतं.

एरंडेलाची अडचण

पाण्यात न विरघळणारं औषध शिरेतून द्यायचं कसं? तोडगा निघाला तो एरंडेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या एका द्रावकाचा. औषध त्यात आणि अल्कोहोलात विरघळलं खरं, पण १९८०च्या दशकातल्या पहिल्या चाचण्यांत काही रुग्णांना त्याची इतकी जबर रिअ‍ॅक्शन आली की सगळा प्रकल्पच गुंडाळायची वेळ आली. मग औषध सावकाश सोडायचं आणि आधी स्टेरॉइड-अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं द्यायची, अशी पद्धत बसली. वॉर्डातली ती सगळी पूर्वतयारी मुख्यतः यूच्या रेणूसाठी नसून या एरंडेलाच्या द्रावकासाठी आहे. काचेची बाटलीही त्याच्यामुळेच, कारण नेहमीच्या पीव्हीसी पिशवीतली रसायनं हा द्रावक ओढून घेतो. २००५ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांवर बसवलेलं पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेत मंजूर झालं. त्यात एरंडेल नाही, म्हणून ते अर्ध्या तासात देता येतं. महाग मात्र आहे.

तीन हजार झाडांचा एक किलो

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९८९ मध्ये बातमी आली : इतर औषधांना न जुमानणाऱ्या बीजकोशाच्या कर्करोगात टॅक्सॉलने दर दहातल्या साधारण तीन जणींच्या गाठी आकसल्या. आता मागणी एकदम वाढली, आणि तेव्हा सालीचा हिशेब अंगावर आला.

साल काढायचं काम हाताचं. वसंत-उन्हाळ्यात झाडात रस चढला की ती सुटी होते. वरचा जांभळट-लाल पापुद्रा कागदासारखा पातळ. त्याखालची आतली साल चाकूने पट्टीपट्टीने उचकटायची, पोत्यांत भरायची, वाळवायची. या आतल्या सालीतूनच झाडाची साखर मुळांकडे जाते, म्हणून ती सगळीकडून काढली की मुळं उपाशी मरतात. एक किलो औषधाला लागणारी साल सुमारे दहा हजार किलो, झाडं तीन हजारांच्या आसपास. लावून वाढवायची म्हटली तर पुढच्या शतकात साल मिळणार.

पॅसिफिक यूचं जंगल साधंही नव्हतं. ठिपकेवाल्या घुबडाच्या रक्षणावरून लाकूड कंपन्या आणि पर्यावरणवादी तिथे आधीच भांडत होते. त्यात आता एका बाजूला मरणाच्या दारातल्या बायका आणि दुसऱ्या बाजूला जुनं अरण्य, अशी मांडणी वर्तमानपत्रांनी केली. मला ती मांडणी तेव्हाही फसवी वाटली असती. कारण सालीवर विसंबून ना झाडं टिकणार होती, ना सगळ्या रुग्णांना औषध पुरणार होतं. १९९२ मध्ये अमेरिकेने सरकारी जंगलांतल्या यूच्या तोडीसाठी खास कायदा केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औषधाला मंजुरी दिली. सालीचा पुरवठा हा मुळातच थोड्या वर्षांचा खेळ आहे, हे तोवर सगळ्यांना उमगलं होतं.

┌──────────────
चौकट : एकाच झाडाची तीन दारं

साल : औषध तयार रूपात, पण दहा हजारांत एक भाग. झाड मरतं.

पानं : औषध जवळजवळ नाही; पण त्याच्या रेणूचा गाभा किलोमागे एक ग्रॅमपर्यंत. छाटणीनंतर झाड पुन्हा फुटतं.

पेशी : झाडाचा तुकडा एकदाच लागतो. पुढचं सगळं पोलादी टाकीत.
└──────────────

रस्त्यासाठी पडलेली झाडं

पॅरिसजवळ जिफ-स्युर-इव्हेत इथे फ्रान्सची नैसर्गिक द्रव्यांची संशोधन संस्था आहे. तिच्या आवारात रस्ता काढायचा म्हणून यूची काही झाडं तोडली गेली. ही युरोपीय जात, पॅसिफिक यूची चुलत बहीण. संस्थेतले पिएर पोतिए यांनी ती वाया जाऊ दिली नाहीत. त्यांच्या चमूने साल, लाकूड, पानं वेगवेगळी तपासली. पोतिए काही नवखे नव्हते. सदाफुलीतल्या द्रव्यांवर काम करून त्यांच्या चमूने व्हिनोरेलबिन हे कर्करोगावरचं औषध घडवलं होतं.

पानांत टॅक्सॉल फारसं मिळालं नाही. मिळाला तो त्याचा गाभा. त्याचं लांबलचक नाव १०-डिअ‍ॅसिटिलबॅकॅटिन-३. इथे नुसतं ‘गाभा’ म्हणू. मघाचं शेपूट सोडलं की टॅक्सॉलचा जो भाग उरतो, जवळजवळ तोच हा. किलोभर पानांत तो एक ग्रॅमपर्यंत मिळतो, म्हणजे सालीतल्या औषधाच्या दसपट.

रसायनतज्ज्ञांच्या दृष्टीने ही लॉटरीच होती. रेणूचा अवघड भाग म्हणजे ती एकमेकांत गुंतलेली कडी. शून्यापासून ती बांधणं किती जिकिरीचं आहे ते १९९४ मध्ये दिसलं. फ्लोरिडात रॉबर्ट होल्टन आणि कॅलिफोर्नियात के. सी. निकोलाऊ यांच्या चमूंनी काही दिवसांच्या अंतराने अख्खं टॅक्सॉल प्रयोगशाळेत घडवून दाखवलं. पायऱ्या चाळीसच्या घरात. प्रत्येक पायरीला थोडा माल वाया जातो, म्हणून शेवटी हाती येतं ते नावापुरतं. रसायनशास्त्राचा मोठा पराक्रम, कारखान्याच्या दृष्टीने निरुपयोगी. याउलट शेपूट साधं आहे. ते वेगळं बनवायचं आणि झाडाने आयत्या दिलेल्या गाभ्याला चिकटवायचं.

चिकटवण्यातही मेख आहे. गाभ्यावर शेपूट धरू शकतील अशा जागा एकाहून जास्त आणि आपल्याला हवी ती नेमकी अडचणीत, आतल्या बाजूला वळलेली. म्हणून बाकीच्या जागांवर आधी तात्पुरती टोपणं बसवायची, शेपूट जोडायचं आणि मग टोपणं काढायची. होल्टन यांनी यासाठी शोधलेली रीत इतकी चोख निघाली की औषध कंपनीने ती परवान्यावर घेतली, आणि त्यांच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला रॉयल्टीपोटी पुढे ३५ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. पोतिए यांच्या चमूने शेपटात थोडा बदल करून वेगळंच औषध घडवलं. ते डोसिटॅक्सेल, आपल्याकडच्या केमो वॉर्डातलं दुसरं ओळखीचं नाव.

साल सुटली आणि पानं आली. यूची छाटणी केली की ती जोमाने फुटते. युरोपातल्या जुन्या बागांची कुंपणं शतकानुशतकं याच गुणावर उभी आहेत. ब्रिटनमध्ये मोठ्या बागांमधून उन्हाळ्यातली कोवळी छाटणी औषधासाठी गोळा होऊ लागली. जी छाटणी माळी आधी जाळत किंवा फेकत असत, तिला गिऱ्हाईक आलं.

टाकीतली यू

पानांनाही झाड लागतं, जमीन लागते, हंगाम लागतो. म्हणून काही मंडळींनी वेगळा प्रश्न विचारला : औषध बनवतात त्या पेशी, मग झाडाचं बाकीचं ओझं कशाला?

यूचा छोटा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरकं घातलेल्या जेलीवर ठेवला की त्यावर फिकट, भुसभुशीत गोळा चढतो. त्यात पान नाही, मूळ नाही, नुसत्या पेशी. त्या द्रवात सोडून चंबूतून छोट्या टाकीत, छोटीतून मोठीत असं वाढवत न्यायचं. जर्मनीत हाम्बुर्गजवळच्या कारखान्यात ७५ हजार लिटरपर्यंतच्या टाक्या आहेत. टँकर लॉरीत पाणी मावतं त्याच्या कितीतरी पट. इथल्या पेशी चिनी यूच्या.

काम नाजूक आहे. जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, यूच्या पेशीला दिवस लागतात. एक जिवाणू आत शिरला तर आठवड्यांची मेहनत नासते. हवा सोडायची तर तीही बेताने, जोरात ढवळलं की पेशी फुटतात. शिवाय खाऊनपिऊन सुखी असलेली पेशी औषध फारसं बनवत नाही. कारण टॅक्सॉल हे झाडाचं संरक्षणाचं द्रव्य असावं, बुरशी आणि किडीला अटकाव करणारं. म्हणून पेशी पुरेशा वाढल्या की टाकीत मिथाइल जास्मोनेट टाकतात. पान कुरतडलं गेलं की वनस्पती आपल्याच शरीरात ज्या संकेताने बोंब ठोकते, त्याच कुळातलं हे रसायन. किडा आला असं समजून पेशी कामाला लागतात, आणि औषधाचं प्रमाण कित्येक पट वाढतं.

या पद्धतीत शेपूट जोडायची भानगडही उरत नाही. तयार टॅक्सॉलच गाळून, शुद्ध करून घ्यायचं. पानांच्या पद्धतीतली बरीच द्रावकं आणि रसायनं त्यामुळे वाचली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार २००४ मध्ये या बदलाला मिळाला. आता त्याहीपुढची धडपड सुरू आहे. यू ज्या जनुकांच्या जोरावर गाभा बनवते, ती शोधून तंबाखूच्या जातीच्या झाडात बसवणं २०२४ आणि २०२५ मध्ये चिनी आणि अमेरिकी चमूंना जमलं. जनुकं यीस्टमध्ये बसवून कारखान्यात औषध काढायला अजून अवकाश आहे.

थुनेर

पानं आली म्हणजे प्रश्न मिटला असं वाटेल, पण पानं ओरबाडूनही झाड मारता येतं. हिमालयातली यू गढवालात थुनेर म्हणून ओळखली जाते. तिच्या सालीचा चहा काही भागांत करतात, लाकूड जळणाला जातं. १९९०च्या दशकात औषधाची मागणी आली आणि झाडंच्या झाडं फांद्यांसकट बोडकी झाली. अरुणाचलात तर नुकसान फार मोठं झालं. १९९५ मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आले. आज ती संकटग्रस्त मानली जाते.

तिचं बी रुजायला दीड-दोन वर्षं घेतं, पण डहाळीचं कलम संप्रेरकात बुडवून लावलं तर मूळ धरतं. अल्मोड्याजवळच्या गोविंद बल्लभ पंत हिमालय संस्थेत यावर बरंच काम झालं आहे. छाटणी किती, कोणत्या महिन्यात आणि कितव्या वर्षी, एवढी शिस्त पाळली तर थुनेर वर्षानुवर्षं पाला देऊ शकते. जंगलातून पोत्याने पाला विकणाऱ्याला मात्र पोत्याचे पैसे मिळतात, शिस्तीचे नाही.

सह्याद्रीतला नरक्या

वॉल आणि वाणी या जोडीने टॅक्सॉलच्या आधी, १९६६ मध्ये, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं आणखी एक द्रव्य शोधलं होतं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला ते जखडून ठेवतं. त्यापासून बनलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत १९९६ पासून वापरात आहेत. आतड्याच्या कर्करोगात इरिनोटेकॅन आपल्याकडेही सर्रास देतात.

हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात चिनी झाडाहूनही भरपूर असल्याचं १९७०च्या दशकात भारतीय रसायनतज्ज्ञांनी दाखवलं. ते झाड म्हणजे नरक्या. आंबोली, राधानगरी, महाबळेश्वर या पट्ट्यातला मध्यम उंचीचा वृक्ष. फुलांचा वास इतका वाईट की नाव तिथूनच पडलं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या वर्तमानपत्रांत नरक्याची चोरटी तोड आणि पकडलेल्या गाड्या यांच्या बातम्या अधूनमधून येत असतात.

यूची वाट नरक्याला सरळ लागू पडत नाही. त्याच्या पानांत कॅम्प्टोथेसिन थोडं. खोडात जास्त, मुळांत सगळ्यात जास्त. नरक्याच्या पेशी टाकीत वाढवायचे प्रयोग झाले आहेत, पण हाती लागणारं प्रमाण झाडाच्या मानाने तुटपुंजं. त्यातल्या त्यात सोय अशी की जमिनीपासून थोडं वर कापलं तर याच्या खुंटाला नवे धुमारे फुटतात आणि काही वर्षांनी पुन्हा तोडता येतात. त्यासाठी खुंट जमिनीत राहायला हवा. चोरून तोडणारा तो ठेवत नाही. माल मुळात आहे हे त्यालाही माहीत असतं, म्हणून तो कुदळ घेऊनच येतो.